पाणी काळं दिसतं

हनुवटी इथे ठेवा. कपाळ पट्टीला टेकवा.
हिरव्या फुलीकडे बघा, पापणी मिटू नका.
दिवसातून चाळीसदा म्हणते मी हे
वेंगुर्ल्यातल्या या गार खोलीत,
जिथे समुद्र ऐकू येत नाही.

मग यंत्र डोळ्याचा उभा काप काढतं, सुरीशिवाय.
पडद्यावर राखाडी थर, एकाखाली एक,
चिऱ्याच्या खाणीची भिंत असावी तसे.
मधोमध एक खळगी हवी, उथळ.
ती दिसली की मी पुढचं नाव पुकारते.

सगुण कांबळी, आरोंदा, वय त्र्याहत्तर.
त्यांच्या उजव्या डोळ्यात खळगी नव्हती.
तिथे टेकाड होतं.
टेकाडात गोल काळी भोकं, सहा-सात,
आणि खाली, तळाच्या रेघेला लागून,
एक काळी फट, होडीच्या आकाराची.
उजेड जिथून परतत नाही ते काळं, सरांनी शिकवलेलं.
म्हणून पाणी काळं दिसतं.
हे मला पाठ होतं, इतकंच.

मी रुग्णाला काही सांगायचं नाही, असा नियम आहे.
पण ते उठले आणि डाव्या, चांगल्या डोळ्यानं
माझ्या पडद्यावर वाकले.
"हो बांध आसा," म्हणाले. "कोणाचो?"

चाळीस वर्षं खाडीवरची मानस सांभाळतात ते.
भरतीला फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या,
खारं पाणी भाताला लागू द्यायचं नाही.
काचेला बोट न लावता दाखवत गेले:
"ही कुर्ल्यांची बिळां. हेंचा काय नाय,
चिखल घातलो की बुजतत.
पण ह्या खालचा बघ.
वरना बांध धड दिसता, आणि पाणी बुडातसून शिरता.
ह्या पाणी आवाज करणा नाय."

तुमचाच डोळा आहे, आजोबा, मी म्हटलं.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"तरीच," म्हणाले.
"म्हयनोभर दारातलो माड मधीच वाकडो दिसा होतो.
झिलाक सांगितलंय, किडलो तो, तोडून टाक."
तोडला?
"तोडलो."

मग सुया. दर चार आठवड्यांनी एक.
चारशे बारा मायक्रॉन. तीनशे छत्तीस. दोनशे ऐंशी.
भोकं बुजली, होडी ओसरली,
एका मंगळवारी खळगी परत आली जागेवर
आणि मी नियम मोडून ओरडलेच: पाणी गेलं!
डावा डोळा झाकून त्यांच्यासमोर चौकटींचा कागद धरला.
मधल्या रेघा अजून लवत होत्या.
पूर्वीइतक्या नाहीत. पण लवत होत्या.

माझा चेहरा पडलेला त्यांना कुठल्या डोळ्यानं दिसला, माहीत नाही.
"पाणी गेला म्हणजे शेत झाला, असा नाय गो.
पाणी जाता, मीठ ऱ्हवता.
दोन पावस लागतत धुवूक, कधी तीन.
एखादो कोपरो तसोच ऱ्हवता, थंय भात येणा नाय.
त्या कोपऱ्याक आमी काय करूक नाय कधी.
बांधाक मात्र रोज जायत रवलंव."

पुढच्या तारखेचं कार्ड दिलं.
त्यांनी बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजल्या, मान हलवली.
"पुनव पडता. उधाण.
त्या दिशी मी बांध सोडून खंय जाणा नाय.
अष्टमीक दी. भांगाचा पाणी, सगळा निवांत."

यंत्रात तारीख बदलली की कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: भांग.
डॉक्टर पुण्याचे.
त्यांनी लगेच बोलावून घेतलं.